हुबेहूबच्या पलीकडे

छावणीतल्या कोणत्याही स्नेहसंमेलनात एखादे दहा वर्षांचे लेकरू नामवंत गायकाचे गाणे म्हणते, तेव्हा आपण कौतुकाने म्हणतो, "अगदी हुबेहूब!" ही दाद किती अपुरी आहे, हे कुमार गंधर्वांच्या गाण्यावरून आम्हांस उमगले.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या उस्तादांची गाणी जशीच्या तशी गात असे. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला बालपणीच मिळाली. (साठी उलटली तरी ते 'कुमार'च राहिले!) १९३६ च्या सुमारास मुंबईत जाणकारांची सभा त्याने थक्क केली आणि प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. मात्र बालपणीचे ते यश उसन्या आवाजांचे होते, हे विसरता कामा नये.

पुढे क्षयाने गाठले. १९४८ साली कोरड्या हवेसाठी देवासला बिऱ्हाड हलले. गाण्यास डॉक्टरांची सक्त मनाई. पत्नी भानुमतीबाईंनी नोकरी सांभाळून शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हा नवे असलेले औषध लागू पडले आणि १९५३ मध्ये कुमार पुन्हा मैफलीत बसले. परंतु एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले होते.

येथे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी पुढे केले जाते: दम कमी, म्हणून ताना तुटक. आम्हांस ते पटत नाही. दम तोकडा असल्याने गाणे आखूड होईल. पण स्वर सोडून दिल्यानंतरची ती भरलेली शांतता कोठून येईल? अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याच्या बायांची लोकगीते कानी येत होती. गाता येत नसलेल्या त्या वर्षांत कुमारांनी ऐकण्याचे काम केले, आणि त्या धुनांतून पुढे नवे राग उभे राहिले. 'अनूपरागविलास' (१९६५) हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह त्याची साक्ष देतो. त्यांच्या विलंबित ख्यालात मात्र आम्हांला कधी कधी अधीरता जाणवते. राग पुरता स्थिरावण्याआधीच नवी कल्पना त्यांना खुणावते. निर्गुणी भजनांत ही अधीरता औषधालाही सापडत नाही.

दूरदेशीचा यहुदी मेन्युहिनही असाच. १९२७ साली अकराव्या वर्षी त्याने न्यूयॉर्क जिंकले. पण जे बालपणी आपोआप साधत होते ते प्रौढपणी हातून निसटू लागले. १९५२ मध्ये भारतात त्याची भेट योगाचार्य अय्यंगारांशी झाली, आणि आपल्या शरीराकडे तो नव्याने पाहू लागला.

आमच्या मते कुमारांच्या पुनरागमनाची खरी कसोटी लागली ती 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमात. ज्या गळ्याने बालपणी कोणाचीही नक्कल लीलया केली असती, तो येथे बालगंधर्वांचे लाडिक वळण हेतुपुरस्सर टाळतो. पदे तीच, ओळखीची. तरी प्रत्येक जागेपाशी गायक क्षणभर थांबतो, तिच्यातला विचार शोधतो आणि आपल्या उच्चारात मांडतो. घरातील वडीलधाऱ्यांना मूळ पदे पाठ असतील. त्यांनी ही ध्वनिमुद्रिका मुलांसमवेत ऐकावी आणि कुमारांनी कोणती जागा मुद्दाम गाळली, ते त्यांना विचारावे.