सातचा भोंगा आणि घाटाखालची घरे

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक प्रयोग केला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरचे मोबाइल, टीव्ही बंद होत. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराचे देशभर कौतुक झाले, आणि ते रास्तच आहे. मात्र त्यामागचे एक गृहीतक मला तपासावेसे वाटते: आईबाप आणि मूल एकाच छपराखाली राहतात.

कशेडी घाटाच्या रायगडकडील अंगाला, पोलादपूरच्या वाड्यांत, हे गृहीतक अनेक घरांत टिकत नाही. इथला कर्ता माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत. आधी गिरणीत, १९८२च्या संपानंतर मिळेल तिथे. मनिऑर्डरच्या फॉर्मवर मजकुराला चिंचोळी जागा असे. 'अभ्यास करणे, आजीस त्रास देऊ नये' एवढ्यावर बापलेकांचे नाते गणपतीपर्यंत तगायचे.

आज तोच बाप रात्री आठला व्हिडिओ कॉल लावतो, म्हणजे नेमका भोंग्याच्या वेळेत. इथे फोन बंद ठेवणे म्हणजे बापाला दाराबाहेर उभे करणे. (ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची बंदी केली, तेव्हा निरोपाची ॲपे वगळली. तेवढा विवेक आपल्या चर्चेत क्वचित दिसतो.)

पण बाप नुसता बोलत नाही, पाळतही ठेवतो. दहावीतला एक मुलगा मला म्हणाला, "काका, आजीला वाटतं मी झोपलोय. पप्पांना मुंबईत कळतं, मी जागा आहे." व्हॉट्सॲपवरच्या 'लास्ट सीन'वरून सकाळी जाब विचारला जातो. मुलगा ती वेळ लपवतो. लपवली की संशय पक्का. मनिऑर्डर धाडणाऱ्या बापाला विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

उलट नजरही आहेच. पूर्वीचा चाकरमानी नवे कपडे घालून, अत्तर लावून गावात उतरायचा. त्याची खोली पोराने कधी पाहिलेली नसे. आता बापाच्या पाठीमागे दोरीवरचे चौघांचे कपडे दिसतात. "मी मुंबईला जाणार नाही," हे त्याच मुलाने मला न विचारता सांगितले. बापाला अजून सांगितलेले नाही.

'स्क्रीन टाइम' मोजणाऱ्यांच्या तक्त्यात हे तास कोणत्या रकान्यात बसवायचे? आणि शिस्त लावायची कोणी? आजीने म्हणावे, तर तिला फोन लावता येत नाही. नातवाने लावून दिला तरच तिला लेकाचे तोंड दिसते.