प्रतिसाद कमी, की सूचनाच वाजली नाही?

दिवसातून सहा वेळा, रँडम वेळांना 'आत्ता मूड कसा आहे?' विचारणारा अभ्यास वाचताय? पद्धतीचा भाग नीट बघा. १४ दिवसांच्या ८४ सूचना अ‍ॅपने आधीच फोनमध्ये लावून ठेवल्या, असं लिहिलं असेल तर थांबा. आयफोन एका अ‍ॅपच्या सर्वांत जवळच्या ६४ सूचनाच ठेवतो, बाकीच्या गुपचूप गळतात. म्हणजे अकराव्या दिवशी चार सूचना, मग शांतता. काही अ‍ॅप्स उघडल्यावर पुढच्या सूचना लावतात. तिथे तर उत्तरं देणाऱ्यांनाच विचारणा होत राहते, गप्प बसणाऱ्यांची बंद पडते. आणि निष्कर्षात याचं नाव 'सहभागींचा कंटाळा'! टक्केवारीचा छेद तपासा: लावलेल्या सूचना, की वाजलेल्या? अँड्रॉइडवर फोन बंद करून चालू केला की लावलेले अलार्म पुसले जातात. अ‍ॅपने ते पुन्हा लावले का, हेही शोधा.