सावित्री खोऱ्यातील शाश्वतता : महाड-पोलादपूरच्या संदर्भात एक चिकित्सा

१९८७ च्या ब्रुन्टलँड अहवालाने रूढ केलेली 'शाश्वत विकास' ही संज्ञा पुढे कंपन्यांच्या व्यूहनीतीत स्थिरावली. 'सेबी'ने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. मात्र या अहवालाचे एकक कंपनी आहे, नदी नव्हे; आणि संकल्पनेची खरी मर्यादा येथेच आहे.

महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीत जाते. तिच्याच खोऱ्यात महाडची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. तेथील असूचिबद्ध लघुउद्योगांना हा अहवाल लागू नाही. मोठ्या कंपनीचा महाडमधील कारखाना देशभरच्या एकत्रित आकड्यांत बहुधा विरून जातो. पाण्याचा हिशेब जुळतो. पण पाणी कोणत्या नदीचे, हे कळत नाही.

पर्यटनाचे चित्रही फारसे निराळे नाही. रज्जुमार्गाने रायगड सर्वांच्या आवाक्यात आला, जुलै २०२५ मध्ये रायगड व प्रतापगड जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. पोलादपूर मात्र पुष्कळांच्या लेखी महाबळेश्वरच्या वाटेवरील चहाचा थांबाच राहिले.

२२ जुलै २०२१ रोजी तळीयेवर दरड कोसळली. त्याच पावसात महाड शहर पुरात बुडाले. उद्योग आणि पर्यटन यांचे खोरे एकच आहे, हे तेव्हा दिसले. तरीही डोंगरउताराची निगा वा नदीतील गाळाचा उपसा यांवर कंपनीने खर्च केलाच, तर तो २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ खाली, म्हणजे नेहमीच्या व्यवसायाबाहेरचा म्हणून नोंदला जातो. अशा खर्चास व्यूहनीती म्हणणे कठीण आहे.