सायबर सुरक्षेची प्रात्यक्षिके: याद्या पुष्कळ, प्रयोग थोडे

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी व पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचे अभ्यासक्रम जाहीर केले. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला हा विषय शिकता यावा, हा विचार स्वागतार्ह आहे. आमचा आक्षेप आहे तो पदवीच्या प्रात्यक्षिकांवर.

त्यांत काय आहे? गुन्ह्याची तक्रार कशी नोंदवावी याची यादी, नेट-बँकिंगमध्ये घ्यायच्या काळजीची यादी, समाजमाध्यमांवरील खात्यांची सेटिंग्ज, अँटिव्हायरस बसवणे. हे सारे उपयुक्त आहे. पण याला प्रयोग म्हणता येणार नाही. रसायनाच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवरील सूचना वाचून घ्याव्यात आणि प्रयोगवहीवर सही करावी, तसे हे झाले. फसव्या ई-मेलचे प्रात्यक्षिक तेवढे अपवाद म्हणता येईल.

ग्राहकाने सर्व सूचना पाळल्या तरी काय घडू शकते, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेने अनुभवले. ऑगस्ट २०१८ मध्ये तीन दिवसांत बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. त्यांतील मोठी रक्कम बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून काढली गेली. एरवी एटीएम 'स्विच' नावाच्या प्रणालीला विचारते, स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो आणि तिकडून होकार आला तरच पैसे मिळतात. चोरांनी मध्येच खोटा स्विच उभा केला. मुख्य प्रणालीला न विचारताच तो होकार देत राहिला. खातेदारांनी पिन कितीही जपला असता तरी ही चोरी टळली नसती. होकार खऱ्या ठिकाणाहून आला हे एटीएमने कसे ओळखावे? हा प्रश्न विद्यार्थ्याला पडायला हवा. यादी वाचून तो पडत नाही.

प्रयोगांना महागडी सामग्री लागते असेही नाही. गेवराईत पदवीच्या काही विद्यार्थ्यांबरोबर आम्ही दोन जुन्या संगणकांवर, इंटरनेट तोडून काम केले. आधी हिशेब केला. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरांचे सुमारे २०,८८३ कोटी पासवर्ड होतात. सेकंदाला १०० कोटी तपासणाऱ्या यंत्राला ते साडेतीन मिनिटांत संपवता येतात. बारा अक्षरांना तीन वर्षे लागतात. मग मुलांनी स्वतःच ठेवलेले पासवर्ड शोधायला घेतले. गावाचे नाव आणि जन्मसाल जोडून केलेला दहा अक्षरी पासवर्ड क्षणात सापडला! कारण शोधणारा ओळीने सगळी अक्षरे तपासत बसत नाही. आधी तो माणसांच्या सवयी तपासतो.

तेव्हा एकाने विचारले, "सर, आता कॉलेजचा वायफाय तोडून दाखवू?" आम्ही विचारले, "परवानगी कोणाची घेतलीस?" तो गप्प झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात शिरण्यास मनाई करते. हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे त्याला त्याच वेळी सांगता आले, कारण आम्ही शेजारी होतो. असा प्रश्न मनात येणारी मुले प्रत्येक तालुक्यात आहेत. शिक्षक जवळ नसेल तर ती दुसऱ्या कोणाकडून तरी शिकतील, आणि तो परवानगीचे विचारीलच असे नाही.

म्हणून आमची सूचना अशी: निम्म्या याद्या गाळाव्यात आणि त्यांच्या जागी असे चार-पाच प्रयोग घालावेत. प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर मात्र यंत्राच्या मालकाची लेखी परवानगी असावी.