रमाबाई नगर गोळीबार आणि शाहिरी प्रतिसाद : ‘जय भीम कॉम्रेड’च्या संदर्भात

प्रास्ताविक

११ जुलै १९९७ रोजी पहाटे मुंबईतील घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे रहिवाशांच्या निदर्शनास आले. संतप्त लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर जमले. त्यानंतर राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने वस्तीच्या दिशेने केलेल्या गोळीबारात दहा जणांचा मृत्यू झाला. या घटनेला शासन, न्यायालय, शाहीर आणि चित्रपटकार यांनी वेगवेगळ्या रीतींनी प्रतिसाद दिला. या प्रतिसादांमध्ये मृत माणसाला कोणते स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट आधारभूत मानला आहे.

शासकीय कथन : जमाव

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या तत्कालीन कलम १२९ चा विषय जमाव पांगविणे हा होता. त्यामुळे पोलीस गोळीबाराविषयीची कोणतीही शासकीय चर्चा स्वाभाविकपणेच ‘जमाव कसा होता?’ या प्रश्नापासून सुरू होते. रमाबाई नगरच्या बाबतीतही तसेच घडले. जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटविणार होता, म्हणून गोळीबार अपरिहार्य ठरला, असे समर्थन पुढे आले. न्या. गुंडेवार चौकशी आयोगाने मात्र गोळीबार असमर्थनीय ठरविला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने तुकडीच्या प्रमुख उपनिरीक्षकास सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने त्यास जामीन दिला. घटना आणि शिक्षा यांच्यामध्ये बारा वर्षे गेली. या काळात आयोग आणि न्यायालय यांच्यासमोर मुख्य प्रश्न गोळीबाराच्या वैधतेचा होता. मेलेली माणसे कोण होती, हा प्रश्न त्यांच्या कार्यकक्षेत येत नव्हता. ही उणीव भरून काढण्याचे काम कलेकडे आले.

शाहिराचे मरण

शाहीर विलास घोगरे हे डाव्या सांस्कृतिक चळवळीत वाढलेले कवी-गायक होते. पटवर्धनांनी ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात त्यांचे गाणे चित्रित केले होते. गोळीबारानंतर चारच दिवसांनी, १५ जुलै १९९७ रोजी, त्यांनी आपले जीवन संपविले. त्या वेळी त्यांनी निळी पट्टी बांधली होती. लाल झेंड्याखाली गाणाऱ्या शाहिराने अखेरच्या क्षणी निळा रंग का स्वीकारला, हा प्रश्न पटवर्धनांच्या चित्रपटाचा उगम होय.

या प्रश्नाला मराठी शाहिरीचा इतिहास आहे. एकीकडे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची परंपरा, तर दुसरीकडे भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आलेली आंबेडकरी गायनाची परंपरा. पहिलीने शोषणाची मांडणी प्रामुख्याने वर्गाच्या अंगाने केली, दुसरीने जातीच्या अंगाने. अण्णा भाऊंसारख्या कलावंताच्या ठायी या दोन्ही जाणिवा एकत्र आल्या. संघटनांच्या पातळीवर मात्र त्यांच्यातील अंतर टिकून राहिले. ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ ही दोन संबोधने शेजारी ठेवणारे चित्रपटाचे शीर्षक हेच अंतर दर्शविते.

चित्रपटाची रीती

सुमारे चौदा वर्षे चित्रीकरण होऊन पूर्ण झालेला हा चित्रपट तीन तासांहून दीर्घ आहे. ही दीर्घता सैल संकलनातून आलेली नाही. ती आशयाचाच भाग आहे. टँकरविषयीच्या समर्थनाची चित्रपट तपासणी करतो आणि टँकर व वस्ती यांमधील अंतर प्रेक्षकासमोर ठेवतो. परंतु केवळ खंडन करून तो थांबत नाही. मृतांच्या घरी दिग्दर्शक पुनःपुन्हा जातो. त्यामुळे शासकीय कथनातील ‘जमाव’ हळूहळू विरघळतो आणि त्या जागी घरे, नाती व उदरनिर्वाहाचे प्रश्न दिसू लागतात. गाणी येथे पार्श्वसंगीत म्हणून येत नाहीत, ती साक्ष म्हणून येतात. पुढे खैरलांजी (२००६) आणि कबीर कला मंचाच्या तरुण कलावंतांपर्यंत कथन पोहोचते. नक्षलवादी असल्याच्या आरोपामुळे या कलावंतांपैकी काही भूमिगत झाले. शीतल साठे व सचिन माळी हे २०१३ मध्ये विधानभवनासमोर प्रकट झाले. गोळीबारावर गाणाऱ्यालाही राज्यसंस्थेचा संशय सहन करावा लागतो, हे सूत्र यातून स्पष्ट होते.

एक आक्षेप

तथापि एक आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते. घोगरे यांचे मरण चित्रपटाच्या केंद्रस्थानी असल्यामुळे गोळीबारात मेलेल्या दहा जणांपेक्षा एका कलावंताचे मरण अधिक अर्थपूर्ण भासण्याचा धोका निर्माण होतो. शाहिराच्या मरणामागे त्याचा स्वतःचा निर्णय होता; त्या दहा जणांना निर्णयाची संधीच मिळाली नाही. दोन्हींना ‘शहीद’ या एकाच शब्दात बसविले की हा भेद पुसला जातो आणि मारणाऱ्याची जबाबदारीही धूसर होते. शिवाय आत्मनाशाला प्रतिकाराचा गौरव देणे हे जिवंत चळवळीला घातकच आहे. समीक्षेने शाहिराच्या गाण्याचा गौरव करावा, मरणाचा नव्हे. दिग्दर्शकाने मृतांच्या कुटुंबीयांना दिलेला दीर्घ अवकाश हा धोका बऱ्याच अंशी टाळतो. परंतु पूर्णतः टाळतो असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांचे स्मारक मुंबईच्या हुतात्मा चौकात उभे आहे, कारण ते मरण राज्याच्या निर्मितिकथेत सामावून घेता आले. रमाबाई नगरचे मरण अशा कोणत्याही गौरवकथेत बसत नाही. त्याची स्मृती प्रामुख्याने वस्तीने, गाण्याने आणि एका माहितीपटाने जपली. आता या वसाहतीचा पुनर्विकास हाती घेण्यात आला आहे. जुन्या गल्ल्या आणि घरे जातील, तेव्हा ज्या जागेच्या आधारे साक्ष दिली जात होती ती जागाही बदलेल. अशा वेळी या चित्रपटाचे आणि त्यातील गाण्यांचे दस्तऐवजी मूल्य वाढणार, यात शंका नाही. मराठी विभागांनी शाहिरीचे अध्यापन १९६० च्या मंगल कलशापाशी न थांबविता १९९७ च्या रमाबाई नगरापर्यंत आणावे. अन्यथा विद्यार्थ्यांच्या हाती या घटनेचा ‘जमाव’ एवढाच शब्द उरेल.