'ॲस्टरॉइड' व 'लघुग्रह'

इंग्रजींतील 'ॲस्टरॉइड' या शब्दास आमच्याकडे 'लघुग्रह' हा प्रतिशब्द रूढ आहे, आणि तो मूळ शब्दाचें भाषांतर होय अशी समजूत सहज होते. आमच्या मतें तें भाषांतर नव्हेच. तो मूळ शब्दाशीं केलेला मतभेद आहे.

ग्रीक भाषेंत 'ॲस्टर' म्हणजे तारा व 'एइडॉस' म्हणजे रूप. 'ताऱ्यासारखें दिसणारें' एवढाच या शब्दाचा अर्थ. त्यांत लहानपण नाहीं आणि ग्रहपणही नाहीं. १ जानेवारी १८०१ रोजीं पालेर्मो येथें पियाझीस सीरीस सांपडली. पुढील वर्षीं मार्चमध्यें ओल्बर्सनें पॅलास शोधली. विल्यम हर्शेलनें आपल्या दुर्बिणींतून पाहिलें, तों ग्रहाची म्हणावी अशी तबकडी दिसेना. ताऱ्यासारखा बिंदूच काय तो दिसे. तेव्हां त्यानें मित्रांकडे नांव मागितलें, व मे १८०२ मध्यें हा शब्द रॉयल सोसायटीपुढें ठेविला. शब्द घडविणारा मात्र ग्रीकचा पंडित धाकटा चार्ल्स बर्नी होता, असें क्लिफर्ड कनिंगहॅम यांनीं २०१३ मध्यें पुढें आणलें.

पियाझीला 'प्लॅनेटॉइड' अधिक बरा वाटे. नव्या शोधांस ग्रहपदावरून उतरवून हर्शेल स्वतःच्या युरेनसची थोरवी राखूं पाहतो, असा हेत्वारोपही झाला. तो आम्हांस अन्यायाचा वाटतो. हर्शेलनें डोळ्यांना दिसलें तेवढेंच सांगितलें. वस्तु काय आहे याचा निवाडा त्याच्या शब्दांत नाहीं.

दिसणें मात्र पालटतें. १९९१ मध्यें 'गॅलिलिओ' यान गॅस्प्राजवळून गेलें, तेव्हां सुमारें १८ किलोमीटर लांबीचा, विवरांनीं भरलेला वेडावांकडा खडक दिसला. त्यांत ताऱ्याचें काय आहे? येथें 'लघुग्रह' जिंकला असें कोणीही म्हणेल.

पण २००६ मध्यें आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानें सीरीसला ज्या नव्या वर्गांत बसविलें, त्यास मराठींत 'बटुग्रह' म्हणूं लागले. आतां लघु मोठा कीं बटु मोठा? शब्दांवरून विद्यार्थ्यास तें कळावें कसें? ग्रहपणाचा दावा न करणाऱ्या ग्रीक शब्दावर हा प्रसंग आला नाहीं. 'लघुग्रह' आतां रुळला आहे, तो राहावा; फक्त कोशकारांनीं त्याचा अर्थ 'ॲस्टरॉइड'ची व्युत्पत्ति म्हणून देऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.