अर्नस्टाइन यांची शिडी काय मोजते, काय मोजत नाही

लोकसहभागावर प्रबंध लिहायचा म्हटलं की शेरी अर्नस्टाइन यांचा १९६९ चा शोधनिबंध हाती पडतोच. धोरण ठरवताना नागरिकांच्या हातात किती सत्ता असते, हे त्यांनी अमेरिकेतल्या शहरी योजनांच्या आधारे आठ पायऱ्यांच्या शिडीतून दाखवलं. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचं नुसतं सोंग. मधल्या तीन दिखाऊ: माहिती देणं, मत विचारणं, बोळवण करणं. भागीदारीपासून नागरिकांच्या नियंत्रणापर्यंतच्या वरच्या तीन पायऱ्यांवर खरी सत्ता.

शिडीचं मोठं काम म्हणजे ती 'लोकांना विचारलं होतं' या उत्तरावर थांबू देत नाही. 'मग निर्णय कोणी घेतला?' हे विचारायला लावते. आपल्याकडची पर्यावरणीय जनसुनावणी घ्या. २००६ च्या अधिसूचनेत किमान ३० दिवसांची मुदत आहे, स्थानिक भाषेत अहवालाचा सारांश आहे, इतिवृत्तही आहे. पण गणपूर्तीची अट नाही आणि मंजुरीचा निर्णय लोकांकडे नाही. म्हणजे शिडीवर चौथी पायरी. बरेच विद्यार्थी एवढा शिक्का मारून पुढे जातात. माझा आक्षेप इथूनच सुरू होतो.

शिडीच्या आकारामुळे 'माहिती' ही चढून मागे टाकायची पायरी वाटते. अर्नस्टाइन स्वतः माहितीला महत्त्वाचं पहिलं पाऊल मानतात. पण माहिती फक्त पहिलं पाऊल नसते, ती शेवटपर्यंत लागते. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) पाहा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. शिडीवर हे गाव अगदी वर बसेल. पण ते तिथे पोचलं कसं, हे शिडी सांगत नाही. गावात अभ्यासगट आधी विषय समजून घेतो, बाहेरच्या जाणकारांशी चर्चा करतो. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. शिकणं आणि ठरवणं या दोन गोष्टी तिथे वेगळ्या ठेवल्यात आणि दोन्ही कायम चालू असतात. गाव लहान आहे, त्यामुळे हे जसंच्या तसं शहरात चालेल असं नाही. पण मुद्दा तोच राहतो.

जनसुनावणीला हीच कसोटी लावा. ३० दिवसांत शेकडो पानांचा तांत्रिक अहवाल कोण वाचणार? हवेच्या प्रदूषणाचे आकडे गावकऱ्यांना कोण उलगडून सांगणार? उद्या निर्णयाचा अधिकार मिळाला, तरी हे प्रश्न उरतातच.

शिडी हे सुलभीकरण आहे, दोन्ही बाजू एकजिनसी नसतात, हे अर्नस्टाइन यांनी निबंधातच मान्य केलंय. तेव्हा दोष आपल्या वापरात जास्त आहे. विज्ञानाकडून आलेल्या आपल्याला आकडा दिसला की मोजपट्टी सापडल्यासारखं वाटतं. म्हणून प्रस्ताव लिहिताना पायरीच्या क्रमांकासोबत तीन प्रश्न लिहा: माहिती कोणत्या भाषेत होती? समजून घ्यायला वेळ किती होता? आणि मदतीला कोण होतं? यांची उत्तरं ग्रंथालयात नाही, गावात जाऊनच मिळतील.